फोनमधली जागा

"फोटो निघत नाहीये, डॉक्टर."

"मग जुने काहीतरी उडवा की. जखम बघितल्याशिवाय औषध कसं सांगू?"

फोन स्पीकरवर होता. एका हातानं मी आत्तींना कुशीवर धरून ठेवलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि झोपून झोपून पाठीला जखम झाली होती. डॉक्टर सांगलीला, आम्ही आष्ट्याला. फोटो पाठवा म्हणाले, आणि फोन म्हणत होता, जागा शिल्लक नाही.

"किती येळ गं, चारू?" आत्ती कण्हल्या.

"झालंच."

झालं नव्हतं. आदल्या आठवड्यात मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो उडवले होते. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवरची सुप्रभातं, पाककृती, नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ, सगळं काढून टाकलं होतं. जागा व्हायची आणि दोन-चार दिवसांत पुन्हा भरायची. आता उडवण्यासारखं एकच उरलं होतं.

सन्मतीचे व्हिडिओ.

माझा नवरा काविळीनं गेला तेव्हा मी छत्तिशीची होते. त्याचे थोडे व्हिडिओ होते माझ्याजवळ. एकात तो आरशासमोर स्वतःचे केस कापतो आणि मागची बाजू पार बिघडवून ठेवतो. एकात नुसता हाका मारतो, "चारू, इकडं बघ, अगं इकडं!" आणि हसत सुटतो. पेन ड्राइव्हमध्ये घालून ठेवायचे होते. राहून गेलं होतं.

आत्तींची पाठ माझ्या तळहाताखाली थरथरत होती. मी व्हिडिओ निवडले, पुसले, फोनच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढले, कारण त्याशिवाय जागा होईना. फोटो काढला. डॉक्टरांनी मलम सांगितलं. आत्तींना उताणं करताना त्या म्हणाल्या, "रडायलीस का?"

"नाही, आत्ती."

चौथ्या दिवशी फोन पुन्हा भरला.

त्या दिवशी मी वर्गातून तडक संगणक कक्षात गेले. निलोफर मुजावर आमच्या शाळेत संगणक शिकवायची. मी गणित शिकवायचे. आम्ही एकाच वर्षी लागलो होतो आणि एकमेकींचं सगळं एकमेकींना ठाऊक होतं. मी फोन तिच्यापुढं आपटला.

"ह्याला काय झालंय ते बघ, नाहीतर मी तो विहिरीत टाकते."

तिनं उघडून बघितलं. "फोटो नाहीत. गाणी नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप रिकामं. तरी भरलेला. तुझा फोन गरोदर आहे का गं?"

"चेष्टा नको, निलो."

माझा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. मी तिला सन्मतीच्या व्हिडिओंचं सांगितलं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"कधीपासून होतंय हे?"

"गणपतीनंतर."

"त्या सुमाराला काय बदललं? नवीन काही टाकलंस?"

"काही नाही. गल्लीत गटारीसाठी रस्ता खणला, तेव्हापासून घरचं ब्रॉडबँड तेवढं बंद आहे. पण त्याचा काय संबंध?"

"ब्रॉडबँड बंद आहे तर फोन भरायला नको. उलट काही उतरायलाच नको." तिनं डोकं खाजवलं. "म्हणजे बाहेरून आत काही येत नाहीये. आतलं काहीतरी बाहेर जायचं थांबलंय."

तिनं फोन संगणकाला जोडला, लपवलेल्या फायली दिसतील असं केलं आणि एकेक फोल्डर उघडत गेली. मी खिडकीजवळ उभी राहून ब्रॉडबँडला शिव्या घालत होते. म्हटलं, मला तर त्याचं काही अडत नाही, पण भावजींचा दर दोन दिवसांनी पुण्याहून फोन असतो, 'वहिनी, लाइन सुरू झाली का? आईच्या मालिका बुडतायत.' आणि आत्ती तर टीव्ही लावला की घोरायला लागतात.

निलोफरनं हेडफोन कानाला लावले होते. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा असा मी पूर्वी बघितला नव्हता. ती उठली, ओठांवर बोट ठेवलं आणि फळ्याशी जाऊन खडूनं लिहिलं:

बोलू नकोस. तो ऐकतोय.

मग हेडफोन माझ्या कानाला लावले.

आधी पोरींचा गलका. मग माझाच आवाज, "शुभांगी, त्रिकोण काढायला सांगितलाय, रांगोळी नाही." आमचा नववीचा वर्ग. निलोफरनं दुसरी फाइल लावली. आत्तींचा खोकला, मी त्यांना पाणी पाजताना म्हटलेलं काहीबाही. तिसरी. मी आणि निलोफर फोनवर. शेकड्यांनी फायली होत्या. फोनमध्ये एक अ‍ॅप होतं, त्याला चित्र नव्हतं आणि नाव असं, की फोनचाच एखादा भाग वाटावा. आसपास कुणी बोललं की ते आपोआप सुरू व्हायचं आणि आवाज साठवायचं. घरच्या वायफायवरून तो साठा कुठंतरी पाठवायचं आणि पाठवला की पुसून टाकायचं. वायफाय बंद झालं, म्हणून साठा माझ्याच फोनमध्ये तुंबला होता. हे सगळं निलोफरनं फळ्यावर लिहून मला सांगितलं. मी खडू घेतला.

कोण?

तिनं लिहिलं: फोन कुणी दिला?

माझा धाकटा दीर, श्रेणिक. सन्मती गेला त्या वर्षीच्या दिवाळीला तो पुण्याहून आला होता. माझ्या हातात खोकं ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, दादाचा फोन फुटलाय, तो दुकानात देऊन हा आणलाय. दादाचे व्हिडिओ घातलेत यात. सगळं लावून दिलंय, तुम्ही फक्त वापरायचा." मी त्याच्यासमोर रडले होते. ब्रॉडबँडही त्यानंच बसवून दिलं होतं.

मी बाकावर बसले. हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. निपाणीचं स्थळ आलं होतं, सगळं ठरत आलं होतं. मला मूल होणार नाही हे त्यांना मी स्वतः भेटून सांगणार होते. भेट व्हायच्या आधीच त्यांना ते 'कुठून तरी' कळलं. मग जयसिंगपूरचे आवटी. बायको गेलेली, एक मुलगी, तंत्रनिकेतनात शिकवायचे. आम्ही तीन-चारदा भेटलो होतो. मी निलोफरला फोनवर म्हटलं होतं, मुलगी मला आई म्हणेल का नाही याची भीती वाटते. पुढच्या आठवड्यात आवटींनी फोन उचलायचंच बंद केलं. एकच निरोप पाठवला: 'माझ्या मुलीबद्दल तुमचे विचार समजले.'

दोन वर्षं मी देवाला दोष देत होते.

निलोफरनं तेवढ्यात आणखी एक फाइल शोधली होती. दसऱ्याच्या सकाळची. श्रेणिक आणि त्याची बायको त्रिशला तेव्हा दोन दिवस आले होते. मी मंदिरात गेले होते आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. आम्ही एकेक हेडफोन कानाला धरून ऐकलं.

त्रिशला म्हणत होती, "आवटींना तुम्हीच फोन केलात ना? कशाला? करू दे की लग्न तिला."

"मग आईला कोण बघणार? तू?"

"मी नाही बाई."

"तेच म्हणतो. ती गेली की आई आपल्या गळ्यात. तुला जमणार आहे हगणं-मुतणं काढायला? आई अजून काय, वर्ष-दोन वर्षं. तोवर राहू दे हिला इथं. नंतर खुशाल कुणाचाही हात धरून जाऊ दे, मला काय करायचंय!"

मग कपबश्यांचा आवाज. मग त्रिशलानं विचारलं, "साखर कुठं ठेवते ही?"

दुसऱ्याच्या फोनला कान लावून बसलेला माणूस आपणही त्याच फोनशेजारी उभे आहोत हे विसरला होता.

निलोफरनं लिहिलं: पोलीस.

मी तिच्या हातातून खडू घेतला: आधी मी.

आम्ही सगळ्या फायली शाळेच्या संगणकावर आणि दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. श्रेणिकला कळू नये म्हणून त्या दिवशीची आणि दसऱ्याची तेवढी फाइल फोनमधून काढली. पुसलेले व्हिडिओ परत मिळतात का, तेही निलोफरनं करून बघितलं. नाही मिळाले. ती जागा नवीन आवाजांनी भरली होती. "चारू, इकडं बघ" होतं तिथं आता श्रेणिकनं चोरलेली माझी बडबड होती. तोपर्यंत मी रागावलेले होते. त्यानंतर मला जे झालं त्याला राग म्हणत नाहीत. माझे हात एकदम शांत झाले. पुढचा तास मी जाऊन नीट घेतला, प्रमेय सिद्ध करून दाखवलं.

संध्याकाळी मी ब्रॉडबँडवाल्याच्या मागं लागून लाइन जोडून घेतली. वायफाय सुरू झालं आणि फोन रिकामा व्हायला लागला. मी आत्तींच्या खाटेशी बसून ते आकडे उतरताना बघत राहिले. माझं बोलणं पुण्याला चाललं होतं. जाऊ दे म्हटलं.

श्रेणिकचा फोन आला. "वा, लाइन सुरू झाली वाटतं!"

"तुम्हाला कसं कळलं, भावजी?"

तो जरा अडखळला. "नाही, असंच. अंदाज."

दोन दिवसांनी निलोफर घरी आली. फोन मी तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. काय बोलायचं ते आम्ही शाळेत फळ्यावर ठरवलं होतं, तरी ती जरा जास्तच रंगली.

"चारू! खरं सांगतेस? आवटी तयार झाले?"

"हळू बोल. शुक्रवारी सांगलीला रजिस्टर लग्न. बारा वाजता. तू साक्षीला ये."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"त्यांना श्रेणिकभावजी बघतील. त्यांचीच आई आहे. लग्न झाल्यावर सांगणार मी त्यांना. आधी सांगितलं तर मोडतील."

"या अल्लाह, काय हिंमत गं तुझी!" निलोफर म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून हसू दाबत मागच्या दारानं बाहेर गेली.

आवटींना मी शाळेच्या फोनवरून फोन केला. म्हटलं, माझ्याबद्दल तुम्हाला जे सांगितलं गेलं ते खोटं होतं, हे समोरासमोर बघायचं असेल तर शुक्रवारी सकाळी आष्ट्याला या. ते आले. खाली मान घालून आतल्या खोलीत निलोफरशेजारी बसून राहिले.

साडेनऊच्या सुमाराला दारात गाडी थांबली. श्रेणिक चपला न काढताच आत आला. मागून त्रिशला. मी आत्तींना पेज भरवत होते. त्यांची खाट बाहेरच्या सोप्यातच असायची, येणारं-जाणारं माणूस दिसावं म्हणून.

"या भावजी. आज कसे काय अचानक?"

"नाटकं बंद करा, वहिनी. लाज वाटते का? आई अशी पडलीय आणि तुम्ही रजिस्टर लग्न करायला निघालात?"

आत्तींनी तोंड मिटलं. "कुणाचं लगीन?"

"हिचं! आज बारा वाजता, त्या आवटीबरोबर. तुला टाकून चाललीय ही, आई!"

मी चमचा वाटीत ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. आवटीच्याच माणसानं सांगितलं."

तेव्हा आवटी बाहेर आले. "माझ्या कुठल्या माणसानं?" ते म्हणाले. "आज माझं लग्न आहे, हे मला स्वतःलाच आत्ता कळतंय."

श्रेणिकच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फळीवर ठेवलेल्या माझ्या फोनकडं. क्षणभरच, पण बघितलं. त्या एका नजरेसाठी मी चार दिवस थांबले होते.

"हां, तोच," मी म्हटलं. "त्याच्याशिवाय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. कारण ते खरंच नव्हतं."

निलोफर लॅपटॉप घेऊन आली. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, म्हातारीसमोर नको लावूस, चारू, तिचा काय दोष? मी ऐकलं नव्हतं. मला ते आत्तींसमोरच लावायचं होतं. ज्या आईचं नाव घेऊन त्यानं माझ्या आयुष्याला खीळ घातली, तिनंच ते ऐकायला हवं होतं.

"वहिनी, हे घरातलं आहे," श्रेणिक एकदम मऊ आवाजात म्हणाला. "परक्यांसमोर कशाला? आपण दोघं बोलू."

"लाव, निलो."

सोपा भरून त्याचा आवाज आला. ती गेली की आई आपल्या गळ्यात. हगणं-मुतणं. अजून काय, वर्ष-दोन वर्षं. त्रिशला भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. साखर कुठं ठेवते ही, इथवर आल्यावर निलोफरनं बंद केलं.

आत्ती वर तुळईकडं बघत होत्या. मला वाटलं, आता रडतील, निलोफरचं ऐकायला हवं होतं. त्यांनी मला कधी सून म्हणून वागवलं नव्हतं, लेकच मानलं होतं. सन्मती गेला त्या दिवशी त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"श्रेणिक," आत्ती म्हणाल्या. "गाडी आणलीयास न्हवं?"

"हो... का, आई?"

"मला घाल गाडीत."

"आई, तू रागावलीयस. मी काय म्हणतो..."

"तू काय म्हंतोस ते ऐकलं की मी. आता मी काय म्हंते ते ऐक. आजपासनं मी तुज्याकडं."

"अगं पण घर तिसऱ्या मजल्यावर..."

"उचलून न्ये. तुला न्हाई मी उचलला?"

मी खाटेशी वाकले. "आत्ती, मी तुम्हाला पाठवत नाहीये. हे मी त्यासाठी नाही केलं."

"तू कुठं पाठवतीस? मी जातीया." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती. मग इतक्या मोठ्यानं बोलल्या, की दारातून डोकावणाऱ्या शेजारणीलाही ऐकू जावं. "वरीस-दोन वरीस म्हंतोय न्हवं त्यो? बघू दे त्याला मी किती काढते ते. मी काय लवकर मरणार न्हाई."

मी त्यांची तयारी केली. खरं सांगते, इतकं समाधान मला पुन्हा कशात मिळालं नाही. त्रिशलाला शेजारी उभं केलं आणि एकेक दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. जखम अशी पुसायची, नाकाला पदर लावायचा नाही, त्यांना वाईट वाटतं. भांडं असं सरकवायचं. पेज गार झाली तर थुंकतात. त्रिशला मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी एकही गोष्ट गाळली नाही. मधेच श्रेणिकला हाक मारून म्हटलं, "भावजी, तुम्हीपण बघून घ्या. वजन जड आहे, एकटीला पेलत नाही."

त्यानं आईला उचललं. उंबऱ्यात त्याचा पाय अडखळला. आत्ती म्हणाल्या, "नीट."

गाडी गेल्यावर आवटी माझ्यापाशी आले. म्हणाले, "माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. तुमची तयारी असेल तर ते आजचं लग्न आपण खरंच करू."

चांगला माणूस होता. पण एका अनोळखी फोनवर ज्यानं माझ्याबद्दल वाटेल ते खरं मानलं, त्याच्या घरात जन्मभर जपून बोलत राहायची माझी तयारी नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलं. ते चहा न घेता गेले.

सोमवारी मी आणि निलोफर सांगलीला जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आलो. फोन त्यांनी ठेवून घेतला. नातेवाइकांनी पुष्कळ मध्यस्थी केली, घरातली गोष्ट घरात मिटव म्हणाले. श्रेणिकच्या ऑफिसात कळलं, त्याची बढती अडली असं कानावर आलं. मला वाईट वाटलं नाही. खटला अजून चालू आहे. मी प्रत्येक तारखेला जाते, चांगली साडी नेसून जाते.

आत्ती जगल्या. डॉक्टरही चकित झाले म्हणे. पाठीची जखम भरून आली, कारण मी सांगितलेलं सगळं त्या दोघांकडून आत्तींनी करून घेतलं. मी सुट्टीत पुण्याला जायचे, पण आत्तींशीच बोलायचे. मुक्काम करायचे नाही.

गेल्या उन्हाळ्यात श्रेणिकचा फोन आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलत होता. आवाज थकलेला होता.

"वहिनी, केसचं राहू दे. दुसरंच काम होतं. त्रिशलाची कंबर धरलीय. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही. आईला थोडे दिवस तिकडं आणून सोडलं तर...?"

मागून आत्तींचा आवाज आला. "कोण हाय? चारू हाय का? दे हिकडं."

फोन त्यांच्याकडं गेला.

"कशी हायस गं?"

"बरी आहे. तुम्ही?"

"मी झ्याक. सकाळी आंगूळ घातली ह्यानं. पाणी गार हुतं, परत तापवाय लावलं."

"आत्ती, इकडं यायचंय का? मी न्यायला येते."

खरंच गेले असते मी. त्या हो म्हणाल्या असत्या तर त्याच दिवशी गाडी केली असती.

"इतक्यात नगं," आत्ती म्हणाल्या. "अजून नीट जमत न्हाई त्याला. शिकतोय."

श्रेणिक पुन्हा फोनवर आला. "काय म्हणाली आई? येते म्हणाली ना?"

"नाही, भावजी," मी म्हटलं. "त्यांना पुणं मानवलंय."